आठव्या दिवसाची डिस्क

बाई आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाण्याच्या पेल्याला हातही न लावता म्हणाली, "परवा माझ्या नवऱ्याला मारलं. पोलीस म्हणतात, माझ्या भावाने मारलं. खरं असेल तर खरं म्हणून सांगा, खोटं असेल तर खोटं. मधलं काही नको."

मावशीने चष्मा काढून पुसायला घेतला. तीस वर्षं ती विमा कंपनीत आगीचे दावे तपासत होती. ज्यांनी आपलं गोदाम आपणच पेटवलं ते सगळे तिचा चष्मा पुसून होण्याआधी भडाभडा बोलू लागत. निवृत्त झाल्यावर ती हेच काम खाजगीत करायची. गोदामांच्या जागी माणसं आली, एवढाच फरक.

भाचा कोपऱ्यात वही उघडून बसला. वय चव्वेचाळीस, एका कॉलेजात ग्रंथपाल. आठवड्याचे तीन दिवस तो मावशीबरोबर फिरायचा. डोकं मावशीचं, वही भाच्याची, अशी वाटणी होती आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

"नवरा काय करायचा?"

"कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क बदलायचे. जुनी काढायची, त्यातलं सगळं नवीत उतरवायचं, नवी बसवून द्यायची. गावात दुसरं कुणी एवढं नीट करत नाही." बाई थांबली. "करत नव्हतं."

"आणि जुनीचं काय?"

"आठ दिवस दुकानात राहायची. तो त्यांचा नियम. गिऱ्हाइकाने घरी जाऊन सगळं आलंय का ते बघायचं. आठव्या दिवशी यायचं, आणि जुनी डिस्क स्वतःच्या हाताने हातोडीने फोडायची. त्याआधी देव जरी मागायला आला तरी द्यायचे नाहीत."

"एवढा कडकपणा कशाला?"

"एकदा त्याच दिवशी फोडून दिली होती. एका बाईची होती. तिचं मूल वारलेलं, त्याचा आवाज त्यात होता. उतरवताना घोटाळा झाला, नवीत काहीच आलं नाही. ते म्हणायचे, त्या बाईचं पोर मी दुसऱ्यांदा मारलं." बाईने पेल्याकडे पाहिलं. "तेव्हापासून आठ दिवस."

मावशीने चष्मा लावला. "आता परवाचं सांगा."

"नऊला भांडण झालं. भाऊ आमच्याकडेच राहतो, दुकानातही तोच. त्याचा आधी हात चालतो, मग तोंड. यांच्या नाकावर ठोसा मारून निघून गेला. ते तो कबूल करतो. दुपारी दोनला मी गेले. शटर अर्धं खाली होतं. हे टेबलामागे पालथे पडले होते."

"किती घाव?"

"मावशी," भाचा हळूच म्हणाला.

"तीन," बाई म्हणाली. "पहिला उजव्या कानामागे. बाकीचे दोन खाली पडल्यावर घातले. डोक्याखालची फरशी तडकलीय. मांडणीवरच्या पाच डिस्कही फोडल्या होत्या. आणि एका नाकपुडीत पांढऱ्या जाळीच्या कापडाची सुरळी घट्ट बसवलेली होती."

"ठोशाचं रक्त थांबवायला?"

"असेल."

"दुकानात तसलं कापड असतं?"

"नाही. पुसायला पिवळं फडकं असतं. तेच एक."

भाच्याने वहीत 'फडकं पिवळं' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. कशासाठी, ते त्याला माहीत नव्हतं. पण मावशीने मान हलवली होती.

*

दुकान म्हणजे एक खोली होती. मध्ये आडवं टेबल, अलीकडे गिऱ्हाइकाचं स्टूल, पलीकडे दुरुस्तीवाल्याची खुर्ची. भिंतीला मांडणी. रक्त टेबलाखालून वाहत स्टुलाच्या पायापर्यंत आलं होतं आणि तिथे वाळून काळं झालं होतं. मांडणीवरच्या डिस्क अशा ठेचल्या होत्या की काहींच्या पोटातल्या चकत्या वाकून बाहेर आल्या होत्या आणि काहींच्या फुटून काचेचा चुरा झाला होता.

इन्स्पेक्टर दारात उभा होता. मावशीने कधीकाळी त्याच्या काकाच्या जळालेल्या ट्रकचा दावा मंजूर केला होता, त्यामुळे तो नाही म्हणू शकत नव्हता.

"सरळ केस आहे," तो म्हणाला. "मेव्हण्याचं डोकं फिरलं, भाऊजींचं फोडलं, मग हाताला लागेल ते फोडलं. शर्टावर रक्त, हातोडीवर बोटांचे ठसे. म्हणतो, नदीकाठी बसलो होतो. नदीने अजून साक्ष दिलेली नाही."

"हातोडी तो रोज वापरायचा."

"म्हणून तर सवयीने मारली."

"फोडलेल्या पाच डिस्क कुणाच्या?"

"पाचही जणांना विचारलं. दोन शिक्षक, एक शिंपी, एक पाळणाघरवाली, एक लेखक. कुणाच्या डिस्कमध्ये लपवण्यासारखं काही नाही. लेखकाच्या डिस्कमध्ये तर वाचण्यासारखंही नाही." इन्स्पेक्टरने टेबलावरच्या एका काळ्या डबीकडे बोट दाखवलं. "यातल्या दोन तेवढ्या वाचल्या. नशीब एकेकाचं."

डबीला वर दोन खाचा होत्या, समोर एक बटण आणि चार बारीक दिवे.

"हे कॉपीचं मशीन," बाई म्हणाली. "कॉम्प्युटर लागत नाही. दोन डिस्क उभ्या खोचायच्या, बटण दाबून धरायचं. तीन-चार तासांत उतरतं. चारही दिवे हिरवे झाले की झालं. मी आले तेव्हा चारही हिरवे होते."

"कुणाच्या डिस्क होत्या?"

इन्स्पेक्टरने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. फोटो टेबलाच्या आतल्या बाजूने काढला होता. डाव्या खाचेतल्या डिस्कवर चिठ्ठी होती: हाडांचे डॉक्टर, फोडण्याचा दिवस शुक्रवार. उजव्या खाचेतलीवर: फोटोवाला, मंगळवार.

"मंगळवार म्हणजे परवाच," मावशी म्हणाली. "आणि शुक्रवार उद्या."

"फोटोवाला काल डिस्क घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, ठेवा तुमच्याकडे, घाई नाही. सज्जन माणूस."

मावशी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. "बाई, तुमचे यजमान गिऱ्हाइकाला हे मशीन कसं समजवायचे?"

बाई टेबलामागे गेली. तडकलेली फरशी ओलांडताना तिने पाय जरा उंच उचलला. मग खुर्चीत बसून दोन्ही खाचांवरून बोट फिरवलं. "हिच्यातनं तिच्यात. बघा, हिच्यातनं तिच्यात. उलट झालं की पोर पुसलं. प्रत्येकाला हेच सांगायचे. कंटाळा यायचा लोकांना."

"डावं-उजवं म्हणायचे?"

"नाही. बोटाने दाखवायचे."

"भाच्या, इथे बस आणि नीट बघ. मग आत जाऊन करून दाखव."

भाचा स्टुलावर बसला. बाईने पुन्हा बोट फिरवलं. मग तो आत गेला आणि इन्स्पेक्टरने दिलेल्या दोन निकामी डिस्क हातात घेतल्या. "ही भरलेली समज, ही रिकामी," मावशी म्हणाली. त्याने भरलेली एका खाचेत खोचली, रिकामी दुसरीत, आणि बटणाकडे हात नेला.

बाईने त्याच्या मनगटावर फटका मारला. "उलटं. पुसलंत की पोर."

भाचा ओशाळला. तो अशा वेळी कान खाजवायचा. तो त्याने खाजवला. मावशी मात्र भलत्याच प्रेमाने त्याच्याकडे बघत होती, आणि तेवढ्यानेच त्याला जास्त काळजी वाटू लागली.

*

कोठडीत भाऊ भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा मिटलेला, खालचा ओठ फाटलेला, उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळलेली. इन्स्पेक्टरने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"भांडण कशावरून झालं?" मावशीने विचारलं.

"फोनवरून." त्याला बोलायला त्रास होत होता. "सोमवारी संध्याकाळी दुकानात फोन आला. म्हणे, आठवा दिवस यायचाय, पण डिस्क उद्याच फोडून मिळेल का? मी म्हटलं, या, मी देतो फोडून. एवढं काय त्यात. मंगळवारी सकाळी भाऊजींना सांगितलं तर ते पेटले. म्हणाले, तुला त्या पोराची शपथ नाही का? मी म्हटलं, तुम्ही त्या पोराला अजून किती वर्षं विकणार? ते मी बोलायला नको होतं. मग त्यांनी माझी कॉलर धरली. मग मी मारलं."

"फोन कुणाचा होता?"

"नाव नाही सांगितलं. जुना फोन आहे आमचा, नंबर दिसत नाही. फार गोड बोलत होता. इतका गोड की मला वाटलं काहीतरी विकतोय."

"पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यावर हे मिळालं." त्याने बोटं दाखवली.

"जाताना भाऊजींच्या नाकात काही घातलंस?"

"मी?" तो हसला, ओठ पुन्हा फाटला. "मी ज्याचं नाक फोडतो त्याचं ड्रेसिंग करत नाही, बाई. तेवढा मी शिकलेला नाही."

"आणि एक. भाऊजी जुन्या डिस्कवरचं जुन्याच डिस्कवर उतरवतील का?"

भावाने उघड्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "जुन्यावर? कशाला? जुनी फोडायची असते. नवीत उतरवतात."

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "मशीनमधल्या दोन्ही जुन्या होत्या."

"मला वाटलं नव्हतं तुझ्या लक्षात येईल," मावशी म्हणाली. ही शाबासकी होती की नाही, यावर तो पुढच्या चौकापर्यंत विचार करत राहिला.

*

फोटोवाल्याचा स्टुडिओ जिन्याखाली होता. माणूस बारीक, आणि डाव्या अंगठ्याला जाड पट्टी.

भाचा पट्टीकडे बघत राहिला. जाळीचं पांढरं कापड.

"फ्रेमची काच लागली," फोटोवाला म्हणाला. "तुम्ही बघायच्या आधी इन्स्पेक्टरने बघितलंय, त्याच्या आधी माझ्या बायकोने. सगळ्यांना तेच सांगतो."

"पट्टी कुणी बांधली?"

"बायकोने. काल. तुम्हाला वेगळं कुणी हवं होतं का?"

"मंगळवारी दुकानात गेला होता?"

"साडेदहाला. माझा आठवा दिवस होता. शटर अर्धं खाली, आतून ठकठक ऐकू येत होती. वाटलं, दुसऱ्या कुणाचा नंबर लागलाय, फोडतायत. आपली नंतर फोडू म्हणून परत आलो." तो थांबला. "ते डिस्क फोडत होते ना?"

फोटोवाल्याने तोंडावरून हात फिरवला.

"तुमची डिस्क काल परत मिळाली. बघितलीत?"

"तीच तर गंमत आहे. गंमत नाही, तुम्हीच बघा." त्याने डिस्क कॉम्प्युटरला जोडली. "यात दोन वर्षांची लग्नं होती. नव्यात उतरलीत, म्हणून वाचलो."

पडद्यावर नवरी नव्हती. मांडीचं हाड होतं. त्याने पुढचं उघडलं, मणका. पुढचं, कुणाचा तरी खुबा, त्यात चार खिळे. एकामागून एक हाडं येत राहिली.

"तेव्हापासून मला झोप नाही," फोटोवाला म्हणाला. "वाटतं, नवऱ्या आतून अशाच दिसत असणार."

मावशीने डिस्क मागून घेतली. बाहेर पडताना भाच्याने तिचा हात धरला. "मावशी, हाच. पट्टी बघितलीस? ठकठक ऐकली म्हणतो, म्हणजे तिथे होता. याच्या डिस्कमध्ये काहीतरी भानगड होती. म्हणून त्याने डॉक्टरांच्या डिस्कमधलं हिच्यावर उतरवून आपली पुसून टाकली."

"छान," मावशी म्हणाली. "आता डॉक्टरांकडे चल. आणि तोंड बंद ठेव, तिथे दातही काढत असतील."

*

डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर एक बसचालक बसला होता. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. भाचा शेजारी बसल्यावर तो आपण होऊन बोलू लागला. त्याला बहुतेक सगळ्यांनाच सांगायचं होतं.

"डावा दुखत होता. उघडला उजवा. आता दोन्ही दुखतात."

"मग तक्रार?"

"केली ना. चौकशी समिती आली होती काल. सोमवारी यांना नोटीस, बुधवारी समिती. कॉम्प्युटर उघडून बघितला. एक्स-रेमध्ये उजवाच गुडघा खराब. समिती म्हणाली, तुमचाच गैरसमज झालाय. मी म्हटलं, गुडघा माझा, गैरसमजही माझाच असणार."

"आता काय करणार?"

"बस चालवायला दोन पाय लागतात. बघू."

डॉक्टर उंच होते, आवाज मऊ होता. त्यांनी मावशीला खुर्ची दिली, भाच्याला स्टूल दिलं, आणि दुरुस्तीवाल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. "भला माणूस. हट्टी, पण भला. माझा कॉम्प्युटर कासवासारखा चालायचा, आता हरणासारखा पळतो."

"जुनी डिस्क पोलिसांकडे आहे. नेली नाहीत?"

"नेऊन काय करू? माझं सगळं नव्यात आलंय." ते हसले. "उद्या माझा दिवस होता म्हणे. आता फोडायला सांगणारं कुणी राहिलं नाही."

"मंगळवारी सकाळी कुठे होता?"

"दहा ते बारा बाहेर. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे घरी जातो, मंगळवारी. बॅग घेऊन." त्यांनी बॅगेवर थाप मारली. मग सहज विचारलं, "मेव्हण्याने कबुली दिली का?"

"ठोशाची दिली," मावशी उठत म्हणाली. "आज चारला दुकानात या. बाईंची इच्छा आहे, एक दिवस आधी चालेल, पण नियम मोडू नये. तुमची डिस्क तुमच्या हातून फुटावी."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "अवश्य," ते म्हणाले, फार गोड आवाजात.

*

चारला सगळे जमले. बाई टेबलामागे, डॉक्टर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, फोटोवाला भिंतीला चिकटून, इन्स्पेक्टर दारात. पोलिसांकडच्या हातोडीऐवजी मावशीने घरची आणून टेबलावर ठेवली होती. भाच्याला ही कल्पना मुळीच आवडली नव्हती, पण त्याचं मत वहीच्या बाहेर विचारलं जात नसे.

"फोडायच्या आधी तपासायचं, हाही नियमच," मावशी म्हणाली आणि पोलिसांकडून आणलेली डॉक्टरांची डिस्क कॉम्प्युटरला जोडली.

डॉक्टर आरामात बसले होते. पडदा उजळला. मांडीचं हाड. मणका. खुबा.

भाचा पडद्याकडे बघत नव्हता. त्याला तसं सांगून ठेवलं होतं. तो डॉक्टरांकडे बघत होता. आपलीच हाडं बघून माणूस एवढा का दचकावा, हे त्याला कळेना.

"काय झालं, डॉक्टर? लग्नाचे फोटो दिसायला हवे होते का?"

"मला समजलं नाही."

"भाच्यालाही समजलं नव्हतं. सगळ्यांसाठीच सांगते." मावशी मांडणीपाशी गेली. "खुनी भाऊ नव्हे. का? तर मेलेल्याच्या नाकात जाळीच्या कापडाची सुरळी होती. नाक फुटलं ठोशाने, म्हणजे सुरळी ठोशानंतरची. दुकानात तसलं कापड नाही. बाहेरून कुणीतरी आणलं, आणि सराईत हाताने बसवलं. आधी औषधपाणी केलं, मग खून केला. माझ्या तीस वर्षांत असा सभ्य खुनी मी पाहिला नाही."

"कापड फोटोवाल्याच्या अंगठ्यावरही आहे," इन्स्पेक्टर म्हणाला.

"आहे. म्हणून मशीनकडे या. दोन्ही जुन्या डिस्क. दुरुस्तीवाला जुन्यावर जुनी कधीच उतरवणार नाही. म्हणजे बटण खुन्याने दाबलं. कशाला? डिस्क पळवली असती तर एक कमी भरली असती आणि बोट मालकाकडे गेलं असतं. ठेचली असती तरी धातूची चकती वाकते, तिच्यातलं मरत नाही. शिवाय फोडलेल्यांच्या मालकांची तुम्ही चौकशी करणारच होता. मग सगळ्यात सुरक्षित काय? बाकीच्या पाच ठेचायच्या आणि आपली शाबूत ठेवायची. फक्त तिच्यावर दुसऱ्याचं काहीतरी उतरवून ती पुसून टाकायची. ज्याची डिस्क वाचली त्याच्यावर कोण संशय घेणार? तुम्ही तर त्याला नशीबवान म्हणालात."

इन्स्पेक्टरने पुन्हा बाहेर बघायला सुरुवात केली.

"पण पुसली गेली ती फोटोवाल्याची," भाचा न राहवून म्हणाला.

"आणि फोटोवाल्याचा आठवा दिवस मंगळवारच होता. त्याला काही नाहीसं करायचं असतं तर चिठ्ठी दाखवून, हातोडी मागून घेऊन, सगळ्यांसमोर डिस्क फोडता आली असती. नंतर काही तुकडे उचलून नदीत टाकले असते तरी कुणी विचारलं नसतं. त्यासाठी खून कोण करेल? सोमवारी फोन करून 'आठवा दिवस यायचाय, उद्याच फोडून द्या' म्हणणारा माणूस वेगळा. त्याचा दिवस शुक्रवार, आणि चौकशी समिती बुधवारी."

बाई ताठ झाली होती. तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते.

"मग डॉक्टरांची डिस्क का नाही पुसली गेली?" मावशी स्टुलासमोर उभी राहिली. "कारण दुरुस्तीवाला टेबलाच्या त्या बाजूला बसायचा आणि गिऱ्हाईक या बाजूला. तो बोट फिरवायचा त्याच्या डावीकडून त्याच्या उजवीकडे. गिऱ्हाइकाला दिसायचं उजवीकडून डावीकडे. पुढे टेबलामागे जाऊन तसंच केलं की नेमकं उलटं होतं. भाच्याने माझ्यासमोर केलं. दुकानात रोज बसणारा भाऊ हे झोपेतही चुकला नसता. समोरून बघितलेलं डावं-उजवं ज्याला उलटवून घेता येत नाही, तोच चुकतो. डॉक्टर, बसचालक टेबलावर उताणा होता तेव्हा तुम्ही त्याच्या पायांशी, समोर उभे होता का?"

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं.

"नव्या डिस्कमधला एक्स-रे तुम्ही उलटा केलात, डाव्या-उजव्याच्या खुणेसकट. समितीला उजवा गुडघा दाखवलात. पण जुन्या डिस्कमध्ये डावाच होता. आता बघा तुमच्या मागे." पडद्यावर गुडघा होता, डावा. "ही तुमची डिस्क, आणि हीच नक्कल फोटोवाल्याच्या डिस्कवर. एक पुरावा पुसायला गेलात आणि दोन करून आलात."

"त्याने दिली असती तर—" डॉक्टरांचा आवाज अजूनही मऊच होता. "मी हात जोडले. नाक बांधून दिलं. दोन मिनिटांचं काम होतं. तो म्हणाला, आठवा दिवस. मी म्हटलं, माझं आयुष्य जातंय. तो म्हणाला, शुक्रवारी या. त्याला काहीच माहीत नव्हतं. नुसतं शुक्रवारी या, शुक्रवारी या—"

हातोडी उचलली गेली ती भाच्याला दिसली, पण दिसण्यात आणि हलण्यात त्याचं नेहमीच अंतर असे. घाव मावशीच्या डोक्यासाठी होता. भाच्याने मध्ये हात घातला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, दुखणं नंतर. दुसरा घाव टेबलावर बसला, मशीनच्या ठिकऱ्या उडाल्या. इन्स्पेक्टर दारातून धावला आणि स्टुलाला अडखळून पडला.

बाईने खाली वाकून कॉम्प्युटरचा लोखंडी डबा दोन्ही हातांनी उचलला, टेबलाला वळसा घालून आली, आणि डॉक्टरांच्या गुडघ्यावर घातला. ते कोसळले. तिने पुन्हा उचलला. पुन्हा घातला. तिसऱ्या वेळी तिने तो त्यांच्या डोक्यावर धरला, तेव्हा मावशी फक्त म्हणाली, "बाई, भाऊ घरी यायचाय. तुम्ही आत गेलात तर दार कोण उघडणार?"

बाईने डबा खाली ठेवला. तिला धाप लागली होती. डॉक्टर फरशीवर गुडघा धरून ओरडत होते. कोणता गुडघा, हे पंचनाम्यात लिहिताना हवालदाराने दोनदा विचारून घेतलं.

"हातोडी ठेवली ती माझी चूक," मावशी भाच्याला म्हणाली. "लिही वहीत."

"कुठल्या हाताने?" भाच्याने विचारलं. गावातला एकुलता एक हाडांचा डॉक्टर समोरच बेड्यांत लोळत होता.

*

शुक्रवारी सकाळी भावाला सोडलं. कागदावर सही करायला बोटं वळेनात, म्हणून त्याने अंगठा उठवला. बाई फाटकापाशी उभी होती. मावशी आणि गळ्यात हात अडकवलेला भाचा जरा लांब थांबले.

भाऊ चालत आला, समोर उभा राहिला.

"ताई, तुलाही वाटलं होतं ना, मीच?"

"हो," बाई म्हणाली. "काल संध्याकाळपर्यंत."

त्याने मान हलवली. हे त्याला बहुतेक माहीत होतं. फुटक्या ओठावरून जीभ फिरवत तो म्हणाला, "मग डबा का पाठवत होतीस?"

"भुकेला का ठेवू? आईला काय सांगितलं असतं?"

"भाजीत मीठ नव्हतं. एकदाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांचं खाल्लेलं मीठ तुझ्या अंगी लागलं नाही, असं वाटलं होतं. मग आणखी कशाला वाया घालवू?"

भावाचा उघडा डोळा भरून आला. तिने त्याची बोटं मोडलेला हात बघितला, तो सोडून दुसरा धरला, आणि दोघं रस्ता ओलांडायला लागली. वाटेत ती काहीतरी म्हणाली. भाच्याला वाटलं, ती त्याचं सांत्वन करत असावी. पण वाऱ्याने ऐकू आलं ते एवढंच, की घरी गेल्यावर आधी आंघोळ कर, मग जेवायला बस.